मुरलेल्या फ्रेंच तांबड्या वाइनची परीक्षा

बोर्डो हे नाव महाराष्ट्रातील द्राक्षबागाईतदारास नवीन नाही. मोरचूद आणि चुना यांचे जे मिश्रण तो केवडा रोगाच्या बंदोबस्तासाठी वेलींवर फवारतो, ते फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील याच प्रांतात जन्मास आले. रस्त्याच्या कडेची द्राक्षे वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून तेथील बागाईतदार कडेच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचा निळसर रंग शिंपडीत असत. अशा वेलींवर केवडा पडत नाही, ही गोष्ट मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या १८८२ साली ध्यानात आली, व १८८५ साली त्याने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. तथापि या प्रांताची जगभर जी कीर्ती आहे, ती या औषधामुळे नसून तेथे होणाऱ्या तांबड्या वाइनमुळे आहे. त्यांपैकी निवडक वाइन वीस, तीस, प्रसंगी पन्नास वर्षे बाटलीत मुरू दिल्या जातात, आणि त्यानंतर त्यांची परीक्षा होते.

ही परीक्षा कशी करतात, हे नाशिक, सांगली व पुणे या जिल्ह्यांत कॅबर्ने सॉव्हिन्याँ किंवा सिरा या जातींची लागवड करणाऱ्यांस माहीत असणे इष्ट आहे. खाण्याच्या द्राक्षांचा निकाल बाजारात आठ दिवसांत लागतो. मुरणाऱ्या वाइनच्या द्राक्षांचा निकाल पंधरा-वीस वर्षांनी लागतो, आणि त्या वेळी पेल्यात जे दोष दिसतात, त्यांपैकी बरेचसे बागेतूनच आलेले असतात. मद्यपानाची भलामण करणे हा या विवेचनाचा हेतू नव्हे. व्यवसायाने परीक्षक असलेली व्यक्ती तोंडात घेतलेला घोट गिळीत नाही. चव घेऊन तो थुंकून टाकते, कारण एका बैठकीत वीस-पंचवीस नमुने तपासावयाचे असता दुसरा मार्गच नसतो.

मुरणे आणि शिळे होणे

वाइन जितकी जुनी तितकी उत्तम, हा समज सर्वत्र रूढ आहे व तो बहुतांशी चुकीचा आहे. लोणचे मुरते, पण भाजी मात्र शिळीच होते. जगात तयार होणारी बहुतेक वाइन या भाजीसारखी असते. दोन-तीन वर्षांच्या आत ती संपविणे हेच श्रेयस्कर. फ्रान्समध्येदेखील मुरविण्यास योग्य अशा वाइनचे प्रमाण एकूण उत्पादनाच्या मानाने अल्प आहे.

तांबड्या वाइनचे मुरणे मुख्यतः दोन द्रव्यगटांवर अवलंबून असते. पहिला गट टॅनिनांचा. द्राक्षाची साल, बी, आणि काही अंशी देठ व ओकच्या पिंपाचे लाकूड यांतून ही तुरट द्रव्ये वाइनमध्ये उतरतात. आपल्याकडील विड्याच्या पानातील कात तोंडास जसा लागतो, तशीच ही तुरट चव होय. किंबहुना, द्राक्षाच्या बियांतील कॅटेचिन या द्रव्याचे नावच कातावरून पडलेले आहे. दुसरा गट अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा असून तो सालीत असतो. बाटलीत कालांतराने टॅनिने परस्परांशी व रंगद्रव्यांशी संयोग पावतात. त्यांचे मोठे कण बनून काही भाग खाली साक्याच्या रूपाने बसतो, रंग निवळतो व तुरटपणाची धार बोथट होते. याच काळात फळाचा ताजा वास मागे पडून त्याच्या जागी निराळ्या, अधिक गुंतागुंतीच्या वासांचा समूह उदयास येतो. आम्लता मात्र फारशी हटत नाही; ती वाइनचा कणा होय. जिच्यात टॅनिन, आम्ल आणि फळाचा कस ही तिन्ही आरंभीच भरपूर व परस्परांच्या तोलाची होती, तीच वाइन हा प्रवास सुखरूप पार पाडते. टॅनिन पुष्कळ, पण कस थोडा अशी वाइन मुरत नाही, ती सुकत जाते.

मुरण्यास जागाही तशीच लागते. सुमारे १२ ते १३ अंश सेल्सिअस तपमान, सत्तर टक्क्यांच्या आसपास आर्द्रता, अंधार, आणि आडव्या ठेवलेल्या बाटल्या, म्हणजे बूच ओले राहून आक्रसत नाही. अर्ध्या बाटलीतील वाइन लवकर मुरते व दुप्पट मापाच्या बाटलीतील सावकाश मुरते, हे फ्रेंच लोकांच्या अनुभवास आलेले आहे.

प्रांत व जाती

ज्यांच्या जुन्या बाटल्या परीक्षेसाठी मुख्यत्वे पुढे येतात, असे तीन प्रदेश सांगता येतील. बोर्डोमध्ये जिरोंद खाडीच्या डाव्या तीरावर मेदॉकची गोट्याळ, निचऱ्याची जमीन असून तेथे कॅबर्ने सॉव्हिन्याँ प्रमुख आहे. उजव्या बाजूस, दोर्दोन्य नदीच्या पलीकडे, सेंट एमिलियाँ व पोमरॉल येथील चुनखडीच्या व चिकण जमिनीत मर्लोचे प्राबल्य आहे. कॅबर्नेचा मणी लहान व साल जाड, म्हणून तिची वाइन तरुणपणी कठोर व दीर्घायुषी. मर्लो त्या मानाने मांसल व मऊ. दोहोंचे मिश्रण करण्याची तेथील चाल हवामानाच्या लहरीवरील विम्यासारखी आहे, कारण मर्लो आधी फुलते व आधी पिकते. एका जातीला पावसाने गाठले तर दुसरी हाती लागते. मेदॉकच्या जुन्या पद्धतीच्या बागांत हेक्टरी दहा हजार, म्हणजे एकरी सुमारे चार हजार वेली असतात, आणि एकेका वेलीवर थोडेच घड राखले जातात.

बर्गंडीत एकट्या पिनो न्वारचे राज्य आहे. तिची साल पातळ, रंग फिका व टॅनिन बेताचे, तरीही उत्तम जागेतील पिनो तीस वर्षे टिकते. या गोष्टीने रंगावरून आयुष्य ठरविणाऱ्यांची नेहमीच फजिती होते. तिसरा प्रदेश ऱ्होन नदीच्या उत्तर खोऱ्यातील एर्मिताज व कोत-रोती यांचा. तेथे उभ्या चढणीवर सिरा ही जात होते व तिच्या वाइनला काळ्या मिरीचा वास येतो.

१८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्डोच्या दलालांनी मेदॉकच्या वाइनची बाजारभावावरून पाच श्रेणींत वर्गवारी केली. पहिल्या श्रेणीत लाफित, लातूर, मार्गो आणि ग्राव्ह भागातील ओ-ब्रियाँ ही चार नावे होती. मूताँ रोथशील्डची भर १९७३ साली पडली. (लातूर या नावाचा मराठवाड्यातील शहराशी काही संबंध नाही. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ बुरूज असा होतो.) ही यादी दीडशे वर्षांहून अधिक काळ जवळजवळ जशीच्या तशी राहिली आहे, व परीक्षकाच्या मनावर तिचे केवढे दडपण असते, हे पुढे दिसून येईल.

बूच काढण्यापूर्वी

जुन्या वाइनची परीक्षा बाटली उघडण्याच्या पुष्कळ आधी सुरू होते. प्रथम बाटलीतील पातळी पाहावी. बुचातून वर्षानुवर्षे अत्यल्प बाष्पीभवन होत असल्यामुळे पातळी सावकाश खाली उतरते. वीस वर्षांच्या बोर्डो बाटलीत वाइन मानेच्या तळाशी असावी. चाळीस वर्षांच्या बाटलीत ती खांद्याच्या वरच्या भागापर्यंत उतरली तरी चिंतेचे कारण नाही. ती खांद्याच्या मध्याखाली गेली असेल, तर आत हवा शिरली आहे असे समजून शंकेनेच पुढे जावे. वीस वर्षांच्या बाटलीची पातळी एवढी उतरली असल्यास ती कोठेतरी उष्णतेत पडून होती असे अनुमान निघते. बर्गंडीच्या बाटलीचे खांदे उतरते असतात, म्हणून तेथे बुचापासूनचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजतात.

आडवी असलेली बाटली परीक्षेच्या किमान एक दिवस आधी, शक्य तर दोन-तीन दिवस आधी, उभी करून ठेवावी. साका तळाशी जाण्यास तेवढा वेळ लागतो. जुने बूच ठिसूळ झालेले असते. मळसूत्र मधोमध व पुरते आत घालून, झटका न देता ते सावकाश ओढावे. बाहेर आलेल्या बुचाचा फक्त खालचा भाग रंगला असेल तर ठीक. रंगाची रेघ बुचाच्या अंगावरून वरपर्यंत गेली असेल, तर त्या वाटेने हवेची ये-जा झालेली आहे.

यानंतर वाइन सुरईत निथळून घ्यावयाची. बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती किंवा दिवा ठेवून, हात न थांबविता एका धारेने वाइन ओतावी व साक्याची पहिली काळी रेघ मानेत येताच थांबावे. तळाची दोन-चार चमचे वाइन वाया जाते. ती वाचविण्याच्या लोभाने सबंध सुरई गढूळ होते, म्हणून हा लोभ टाळावा.

निथळणे किती आधी करावे, याबाबत मतभेद आहेत. बोर्डो येथील एमिल पेनो हे वाइनशास्त्रातील विसाव्या शतकातील मोठे नाव (१९१२–२००४). त्यांचे मत असे की, साका असलेलीच वाइन निथळावी व तीही देण्याच्या अगदी आधी. तासन्तास हवेवर ठेवून वाइन सुधारत नाही. तरुण, कठोर वाइनच्या बाबतीत हे मत सर्वांस मान्य नाही. परंतु पन्नास वर्षांच्या वाइनच्या बाबतीत ते निःसंशय बरोबर आहे. अशा वाइनचा सुवास कधीकधी पंधरा-वीस मिनिटेच टिकतो; तो सुरईतच उडून गेला, तर परीक्षकाच्या हाती केवळ आंबटसर पाणी उरते. अतिजुन्या बर्गंडीचे बूच काढून ती बाटलीतूनच सांभाळून ओतण्याची पद्धत याच कारणासाठी पडलेली आहे.

पेला, खोली व वेळ

परीक्षेसाठी १९७७ साली ठरविण्यात आलेला आंतरराष्ट्रीय प्रमाण पेला वापरतात. तो बिनरंगी, देठाचा, वर निमुळता व सुमारे २१५ मिलिलिटर मापाचा असतो, आणि त्यात ५० मिलिलिटर वाइन घेतात. वरचा भाग रिकामा असल्याखेरीज वास साठत नाही. खोलीत नैसर्गिक उजेड व पांढरे मेजपोस असावे. उदबत्ती, अत्तर, तंबाखू व स्वयंपाकघर यांचा वास नसावा. सकाळी दहा-अकराची वेळ, जेवणापूर्वी भूक लागू लागलेली असते तेव्हाची, सर्वांत सोयीची ठरते. बोर्डोसाठी १६ ते १८ अंश व बर्गंडीसाठी त्याहून एक-दोन अंश कमी तपमान ठेवावे. महाराष्ट्रातील खोलीचे तपमान म्हणजे वाइनचे योग्य तपमान नव्हे. २८ अंशांवर मद्यार्कच नाकात शिरतो व बाकीचे सर्व वास झाकून टाकतो.

रंग

पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरून मधला व काठाचा रंग पाहावा. तरुण तांबडी वाइन जांभळसर असते व काठापर्यंत रंग पोहोचलेला असतो. दहा-पंधरा वर्षांनी जांभळी झाक जाऊन माणकासारखा तांबडा रंग येतो, पुढे काठावर विटकरी छटा दिसू लागते, आणि अखेर ती कौलारू व पिंगट होते. काठावरील विटकरी रंग हे वयाचे लक्षण आहे, दोषाचे नव्हे. दोष ठरतो तो मधोमध आलेला मळकट तपकिरी रंग, विशेषतः वय थोडे असताना आलेला. दहा वर्षांची वाइन तीस वर्षांची दिसत असेल, तर ती उष्णतेत ठेवलेली होती, किंवा त्या वर्षी द्राक्षावर करड्या बुरशीचा प्रादुर्भाव होता, असे दोन संशय घेण्यास जागा आहे. या बुरशीतील लॅकेज नावाचे विकर रंगद्रव्यांचा नाश करते. काढणीच्या वेळच्या पावसाची अशी नोंद पेल्यात वर्षानुवर्षे राहते.

वास

परीक्षेचा खरा गाभा हाच. प्रथम पेला न हलविता हुंगावा, नंतर गोल फिरवून हुंगावा, आणि पाच-दहा मिनिटांनी पुन्हा हुंगावा. जुनी वाइन बाटलीतून निघताक्षणी कोंदट भासते. तो कोंदटपणा काही मिनिटांत गेला तर तिला दोष देऊ नये. उलट पहिल्या क्षणी भरघोस वाटणारी वाइन अर्ध्या तासात रिती झाली, तर ती उतरणीस लागलेली आहे.

मुरलेल्या कॅबर्नेचे वर्णन करताना युरोपीय परीक्षक अशा फळांची नावे घेतात की, जी आपल्याकडील बागाईतदाराने कधी हुंगलेली नसतात. ती पाठ करून काही साधत नाही. वास ओळखण्याची शक्ती ज्याच्या त्याच्या आठवणीत साठलेल्या वासांवर चालते, म्हणून नोंद आपल्याच शब्दांत करावी हे बरे. मेदॉकच्या मुरलेल्या वाइनचा विशेष म्हणून जो देवदाराचा वास सांगतात, तो शिसपेन्सिल तासताना येणारा वास होय. त्याच्या जोडीस सुक्या तंबाखूच्या पानाचा, जुन्या कातड्याचा, सुक्या अंजिराचा व मनुकांचा वास असतो. मुरलेल्या पिनोत पावसाने भिजून कुजू लागलेल्या पालापाचोळ्याचा व अळंब्यांचा वास येतो. हे वर्णन वाचून नाक मुरडण्याचे कारण नाही. या वासाखाली पिकल्या फळाचा गोड धागा शिल्लक असेल, तर फ्रेंच परीक्षक तिला सर्वोच्च गुण देतात. तो धागा तुटला व केवळ पालापाचोळा उरला, की वाइनचे दिवस भरले.

दोषांचे वास निराळे ओळखावे लागतात. ओल्या पुठ्ठ्याचा, दमट तळघराचा वास हा बहुधा बुचाचा दोष असून तो ट्रायक्लोरोअनिसोल या द्रव्याचा असतो. एका लिटरात त्याचे काही नॅनोग्रॅम असले तरी सुवास मारला जातो. हा वास हवेने जात नाही, उलट वाढतो, व त्याची वाइनच्या गुणाशी गल्लत करू नये. दुसरी बाटली उघडावी. शिरक्याचा किंवा नखाच्या रंगाचा वास आम्लजंतूंचा. घोड्याच्या तबेल्याचा, घामट खोगिराचा वास हा ब्रेटॅनोमायसिस या किण्वाच्या उपद्रवाने होणाऱ्या इथाइल फिनॉलचा असतो. हा शेवटचा वास पूर्वी कित्येक नामांकित फ्रेंच वाइनचा ‘मातीचा गुण’ म्हणून वाखाणला जात असे. वस्तुतः तो पिंपाच्या अस्वच्छतेचा गुण होता. अल्प प्रमाणात तो आजही काहींना आवडतो, परंतु त्यास जमिनीचा गुण म्हणणे यापुढे समर्थनीय नाही. हिरव्या ढोबळी मिरचीचा वास मात्र सरळ बागेतून येतो. कॅबर्नेचे घड अपक्व असता, किंवा पानांच्या दाट सावलीत राहिले असता, पायरॅझिन द्रव्य उरते व ते वीस वर्षे मुरवूनही जात नाही.

चव

एक मोठा घोट घेऊन तो सबंध तोंडात फिरवावा व ओठांमधून थोडी हवा आत ओढावी. गोडवा, आंबटपणा, तुरटपणा व मद्यार्काची ऊब यांची पाळीपाळीने नोंद घ्यावी. तुरटपणाचे प्रमाण पाहण्यापेक्षा त्याची जात पाहणे महत्त्वाचे. पक्व द्राक्षाचे मुरलेले टॅनिन जिभेवर मखमलीसारखे पसरते. कच्च्या बियांचे टॅनिन हिरड्यांना चिकटते, कच्च्या सुपारीसारखे तोंड कोरडे करते. पहिले काळाने मऊ होते, दुसऱ्याबाबत तशी खात्री देता येत नाही.

घोट टाकल्यानंतर सुवास किती वेळ रेंगाळतो, हे फ्रान्समध्ये सेकंदांनी मोजतात व त्या मापास कोदाली म्हणतात. एक कोदाली म्हणजे एक सेकंद. आंबटपणा किंवा तुरटपणा मागे राहिला तर तो यात धरावयाचा नाही, फक्त सुवास धरावयाचा. मुरलेल्या वाइनच्या थोरपणाची ही एकच कसोटी ठेवावयाची झाली तरी चालेल, कारण रंग व तुरटपणा पिंपाच्या लाकडाने किंवा तळघरातील कौशल्याने काहीसा सजविता येतो, लांबी मात्र सजविता येत नाही.

वर्षावर्षांतील फरक

बोर्डोची तीन वर्षे शेजारी ठेवून पाहिली असता बागेचा हिशेब स्पष्ट होतो. १९६१ साली फुलोऱ्याच्या वेळी थंडी पडून मोठी गळ झाली व पीक अतिशय थोडे राहिले. पुढे कोरडा, उन्हाचा हंगाम लाभला. उरलेल्या थोड्या, लहान व जाड सालीच्या मण्यांत सर्व कस एकवटला, आणि त्या वाइन चाळीस वर्षांनीही उभ्या राहिल्या. १९७५ सालीही साल जाड होती व टॅनिन प्रचंड होते. परीक्षकांनी दीर्घायुष्याचे भाकीत केले, परंतु बऱ्याच वाइनच्या बाबतीत तुरटपणा निवण्याची वाट पाहता पाहता फळच संपून गेले. १९८२ साली पीक मोठे आले, द्राक्षे पूर्ण पिकली व वाइन तरुणपणीच इतकी मऊ लागली की, काही जाणत्यांनी ती टिकणार नाही असे म्हटले. ती उत्तम टिकली. टॅनिनाचा जोर नव्हे, तर त्याची पक्वता व फळाशी असलेला तोल आयुष्य ठरवितो, ही गोष्ट या दोन वर्षांनी पुस्तकांपेक्षा अधिक स्पष्टपणे दाखविली.

हवामानही आता पूर्वीचे राहिलेले नाही. बर्गंडीतील बोन गावच्या काढणीच्या तारखा १३५४ सालापासून उपलब्ध आहेत. १९८८ पासून तेथील काढणी पूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे तेरा दिवस लवकर होऊ लागली आहे, आणि २००३ च्या उन्हाळ्यात तर ती ऑगस्टमध्येच करावी लागली. साखर वाढली, मद्यार्क वाढला, आम्ल घटले. अशा वाइन जुन्या वाइनप्रमाणे मुरतील काय, याचा निर्णय पुढील परीक्षकांच्या हाती आहे.

झाकलेली बाटली

नावाची चिठ्ठी दिसत असता केलेली परीक्षा ही परीक्षा नव्हे. बोर्डो येथे झालेल्या व २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांस पांढरी वाइन चवहीन तांबड्या रंगाने रंगवून देण्यात आली. त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. डोळ्यांनी नाकास फसविले. एकच वाइन साध्या व नामांकित अशा दोन निरनिराळ्या बाटल्यांतून दिली असता नामांकित बाटलीची प्रशंसा होते, हेही त्याच संशोधकांपैकी एकाने दाखविले आहे.

२४ मे १९७६ रोजी पॅरिस येथे नऊ फ्रेंच परीक्षकांनी झाकलेल्या बाटल्यांतून बोर्डो व कॅलिफोर्निया यांच्या कॅबर्ने तपासल्या. पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीप या वाइनरीच्या १९७३ सालच्या वाइनला मिळाला. १९७० सालची मूताँ रोथशील्ड दुसरी आली. फ्रान्समध्ये यावर पुष्कळ वादळ उठले. बोर्डोची वाइन मुरण्यासाठी असते, तरुणपणी तिची तुलना करणे अन्यायाचे, काही वर्षे थांबा म्हणजे खरे काय ते दिसेल, असा आक्षेप घेण्यात आला. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. म्हणून बरोबर तीस वर्षांनी, २४ मे २००६ रोजी, त्याच तांबड्या वाइन लंडन व नापा येथे पुन्हा झाकून तपासण्यात आल्या. पहिली पाचही स्थाने कॅलिफोर्नियाच्या वाइननी घेतली; रिज वाइनरीची १९७१ सालची माँटे बेल्लो सर्वप्रथम आली. एवढ्यावरून फ्रेंच वाइन हीन ठरत नाहीत, कारण दहा बाटल्यांच्या एका तपासणीवर असा निकाल देता येत नाही. पण ज्याच्या गावाचे नाव कोणास ठाऊक नाही, अशा बागाईतदाराच्या दृष्टीने झाकलेल्या बाटलीएवढा न्याय दुसरा नाही.

नावाच्या मोहाचा गैरफायदा घेणारेही असतात. २००८ साली न्यूयॉर्कच्या एका लिलावात बर्गंडीतील पाँसो घराण्याच्या क्लो सेंट दनी या वाइनच्या १९४५ ते १९७१ या सालांच्या बाटल्या विक्रीस आल्या. त्या घराण्याने ही वाइन प्रथम १९८० नंतरच्या दशकात केली होती. घराण्याच्या प्रमुखानेच हरकत घेऊन त्या लिलावातून काढावयास लावल्या, आणि बनावट जुन्या वाइन तयार करणाऱ्या इसमास २०१३ साली न्यायालयाने दोषी ठरविले. तत्पूर्वी अशा बाटल्या उघडून अनेक धनिकांनी त्यांची वाखाणणी केलेली होती.

गुणदानासाठी वीस गुणांची किंवा शंभर गुणांची पद्धत प्रचारात आहे. शंभर गुणांपैकी ९१ व ९२ यांतील फरक कोणास पुन्हा दाखविता येईल, याविषयी शंका बाळगावी. एकाच नमुन्याचे दोन पेले नकळत दोन ठिकाणी ठेवून परीक्षकाचीच परीक्षा घेणे, हा त्यावरील उत्तम उपाय होय.

नाशिकच्या संदर्भात

आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी व सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी होते आणि काढणी जानेवारी ते मार्चमध्ये येते. फ्रान्समध्ये एकच हिवाळी छाटणी व काढणी सप्टेंबरच्या सुमारास. त्यामुळे तेथील अनुभव येथे जसाच्या तसा लागू करणे बरोबर होणार नाही. आपले मणी तापत्या दिवसांत पिकतात, आम्ल लवकर घटते, व साखर पुरेशी झाली तरी बिया हिरव्याच राहण्याचा संभव असतो. म्हणून केवळ ब्रिक्स पाहून काढणी न ठरविता, रोज मूठभर मणी निरनिराळ्या ओळींतून घेऊन साल चावून पाहावी व बी तपकिरी होऊन फुटते की नाही ते तपासावे. २००८ नंतरच्या मंदीत नाशिक भागातील अनेकांच्या वाइन-द्राक्षांस गिऱ्हाईक मिळेनासे झाले व काहींनी वेली उपटून टाकल्या. त्या काळीही ज्यांच्या मालाचा दर्जा लेखी नोंदींनी सिद्ध करता येत होता, त्यांची बाजू बोलणी करताना अधिक भक्कम असणार हे उघड आहे.

अशी नोंद ठेवण्यास फार खर्च लागत नाही. ज्या परवानाधारक वाइनरीस द्राक्षे दिली जातात, तिच्या सहकार्याने आपल्या बागेच्या स्वतंत्र पिंपातील डझनभर बाटल्या थंड खोलीत आडव्या ठेवाव्या. नाशिकच्या एप्रिलमधील चाळीस अंशांच्या घरात ठेवलेली बाटली दोन उन्हाळ्यांत म्हातारी होते, म्हणून त्या वाइनरीच्या थंड कोठारातच राहिलेल्या बऱ्या. दरवर्षी काढणीनंतर एक बाटली उघडून, दुसऱ्या बागांच्या दोन झाकलेल्या बाटल्यांबरोबर ती तपासावी, आणि रंग, वास, तुरटपणा व लांबी यांची नोंद वहीत करावी. प्रत्येक बाटलीच्या चिठ्ठीवर छाटणीची तारीख, काढणीची तारीख, त्या दिवसाचे ब्रिक्स, वेलीवर राखलेल्या घडांची संख्या व खुंटाची जात लिहून ठेवावी.